न सांगण्यासारखे दुखणे

२०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी पुण्याहून लेकीचा फोन आला. पहिला प्रश्न, “आई, फोन स्पीकरवर नाही ना? बाबा जवळ आहेत का?”

माझ्या काळजात चर्र झाले. तिला तिसरा महिना चालू होता, पहिलटकरीण. नाही नाही ते मनात आले. मी गॅलरीत जाऊन दार लोटून घेतले आणि म्हटले, “बोल.” ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, “आई, हसू नकोस हं. पाच दिवस झाले, पोटच साफ होत नाही.”

मी हसले नाही. मला तीस वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. त्या रात्री हीच लेक माझ्या पोटात होती.

भगिनींनो, हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असे म्हणतात. ओकाऱ्या होतात हे सून सगळ्यांसमक्ष सांगते, डोहाळे तर कौतुकाने पुरवले जातात. पण शौचाला होत नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. न सांगितल्याने काय होते ते मी भोगले आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

१९९४ सालची गोष्ट. आमचे बिऱ्हाड परळकडे एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराची एकच खोली आणि माणसे सात. मजल्यावर वीस खोल्या, त्यांना मिळून चार संडास. त्यांतल्या एकाची कडी तुटलेली. पाणी पहाटे पाचला यायचे आणि सातला जायचे. चाळीतल्या बायका साडेचारला, पुरुष उठायच्या आत जाऊन यायच्या. लग्नाला वर्ष झाले होते. तोवर मीही त्यांच्याबरोबर जात असे.

दिवस गेले आणि ते सारे बिघडले. पहाटे उठले की पोटात ढवळायचे, उलटी व्हायची, डोके वर करवत नसे. उठेपर्यंत सहा वाजायचे. तोवर गॅलरीत टमरेल घेऊन पुरुषांची रांग लागलेली. त्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन उभे राहण्याचे धाडस माझ्यात नव्हते. तशीच आवरून मी शाळेत जायची. मी सकाळच्या शाळेत शिक्षिका होते, वर्गात साठ मुले. शाळेतल्या संडासाला पाणी नसे, म्हणून मी दुपारी घरी येईपर्यंत घोटभरही पाणी प्यायचे नाही. घरी आल्यावर चाळीच्या नळाला पाणी नसायचे. एप्रिलचा उन्हाळा, वरून ओकाऱ्या, पोटात जाणार चहा-पाव आणि थोडा वरणभात. मग पोट साफ होणार कसे?

दोन दिवस गेले, चार गेले. पोट दगडासारखे झाले. एकदा दुपारी जाऊन बसले तर शेजारची एक वहिनी बाहेरून म्हणाली, “जोर नको हो लावू, कच्चा जीव आहे, सुटेल!” त्या दिवसापासून मी कुंथायचीही भीती घेतली. कळ आली की दाबून धरायची. घरात कोणाला काही सांगितले नाही. यजमानांनाही नाही.

सहाव्या दिवशी आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओळखले. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात सहा बाळंतपणे काढलेली बाई. मायेची फार. म्हणाल्या, “अगं पोरी, मग सांगायचं न्हाई व्हय? वाईच एरंडेल घे. पोट कसं लख्ख हुतंय बघ.” रात्री जेवणानंतर कोऱ्या चहातून त्यांनी एरंडेल दिले आणि मी डोळे मिटून प्यायले.

मध्यरात्रीपासून सुरू झाले. पहाटेपर्यंत किती वेळा गेले ते मोजले नाही. यजमान बादली आणि बॅटरी घेऊन संडासाच्या दाराशी उभे. पोट केव्हाच रिकामे झाले होते, तरी कळा थांबेनात. मग त्या कळा ओटीपोटात उतरल्या. तोंडाला कोरड, हातापायांना कंप. आत्याबाई माझे पाय चोळत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. त्याही मनातून हादरल्या होत्या. उजाडायच्या आत टॅक्सी करून मला दवाखान्यात नेले.

सलाईन लावली. दुपारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले, “हे बघा ठोके. बाळ ठीक आहे.” तेव्हा मला रडू फुटले.

मग त्यांनी विचारले, “काय घेतलं होतं?” मी खाली मान घातली. दारात उभ्या असलेल्या आत्याबाईच पुढे झाल्या. “मी दिलं, बाई. एरंडेल.” डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण समंजस. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आजी, तुमच्या गावात सुईण एरंडेल कधी द्यायची?”

“दिस भरलं आन् कळा येईनात, म्हंजी द्याची. कळा याव्यात म्हून...” एवढे बोलून आत्याबाई मध्येच थांबल्या. पुढचे त्यांचे त्यांनाच कळले. नवव्या महिन्यात जे कळा आणण्यासाठी द्यायचे, तेच तिसऱ्या महिन्यात पोट साफ करण्यासाठी कसे चालेल?

डॉक्टरीणबाईंनी त्यांना धीर दिला. म्हणाल्या, एकदा एरंडेल घेतले म्हणजे गर्भ पडतोच असे नाही, आणि या बाळाला काही झालेले नाही. पण ते आतड्याबरोबर गर्भाशयाच्या स्नायूंनाही चेतवते, आणि जुलाबांनी अंगातले पाणी जाते ते वेगळेच. म्हणून गरोदरपणात ते स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही.

संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर माझ्याजवळ बसल्या. वहिनीने घातलेली भीती त्यांनी आधी काढली. शौचाला जोर लावल्याने पोटातले मूल सुटत नाही, ते आत घट्ट धरलेले असते. पण रोज रोज कुंथल्याने मूळव्याध होते, गुदद्वाराला चीर पडते. म्हणून मळ मऊ राहील असे करायचे आणि कळ आली की दाबायची नाही. दाबली की मळ आतच थांबतो, आतडे त्यातले पाणी शोषत राहते आणि तो आणखी कडक होतो.

असे होतेच का, तेही त्यांनी समजावले. दिवस राहिले की अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढते. गर्भाशय शांत राहावे म्हणून ते स्नायूंना सैल करते. पण त्याबरोबर आतड्यांचे स्नायूही सैलावतात, अन्न हळू पुढे सरकते. त्यात ओकाऱ्यांनी पाणी आणि जेवण कमी झालेले. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पोट साफ न होणे हा काही बाईचा दोष नाही, की खाण्यापिण्यात तिने केलेले पाप नाही. पुष्कळ जणींना होते. मला हे कळले तेव्हा निम्मे दुखणे तिथेच हलके झाले.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सारा कारभार हातात घेतला. सकाळी उठल्यावर आधी एक कोरडी भाकरीचा तुकडा, मग कोमट पाण्याचा तांब्या, घोट घोट. पाव बंद, ज्वारीची भाकरी सुरू. दुपारी पालक नाहीतर मेथीची भाजी, मटकीची उसळ, संध्याकाळी पेरू किंवा रात्री भिजवलेले काळे मनुके. शाळेत पाण्याची बाटली न्यायला लावली आणि संपलेली आहे की नाही ते रोज पाहायच्या.

आणि एक गोष्ट केली, ती मी जन्मभर विसरणार नाही. सकाळी सात वाजता, म्हणजे पाणी जायच्या आधी, माझे टमरेल घेऊन त्या स्वतः रांगेत उभ्या राहायच्या. नंबर आला की मला हाक मारायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. कोणी पुरुष कुरकुरला तर म्हणायच्या, “पोटुशी हाय. तिला येळ लागंल. तुमाला घाई आसंल तर दुसऱ्या दाराला जावा.” महिनाभराने रांगेतले लोकच म्हणू लागले, “मास्तरीणबाईंना आधी जाऊ द्या.” माझी शाळा तेवढी अर्ध्या तासाने उशिरा सुरू झाली, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंना विनंती करून मी पहिला तास सोडवून घेतला. त्यांनाही कारण सांगावे लागले. त्या म्हणाल्या, “अहो, मलाही दोन्ही वेळेला हेच होत होतं. बोलला नाहीत कधी!” तेव्हा मला प्रश्न पडला, आपण सगळ्याच जणी एकमेकींपासून काय लपवत बसलो आहोत?

त्याच वर्षी नोव्हेंबरात लेक झाली.

असो. आता त्या लेकीकडे येते. तिच्याकडे रांग नाही, पाण्याची टंचाई नाही. फ्लॅटमध्ये दोन संडास आहेत. तरीही तिला तेच झाले. मी एक एक करून विचारत गेले. सकाळी आठला कंपनीची बस, त्यामुळे घाईघाईत चहा-बिस्किट. दिवसभर खुर्चीत बसणे. पाणी दोन-तीन पेले. उलटीच्या भीतीने जेवण अर्धे. आणि शेवटी सांगितले ते सर्वांत महत्त्वाचे. तिचे हिमोग्लोबिन ९ च्या आसपास आले म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी सुरू केली होती. गोळीने पोट घट्ट होते असे वाटून तिने कोणाला न सांगता ती बंद केली होती. आणि मैत्रिणीने सांगितले म्हणून ‘पोट साफ’ करणारे चूर्ण आणून ठेवले होते. ते घेऊ का, हे विचारायला तिने फोन केला होता.

मी म्हटले, “बाळ, चूर्ण कपाटात ठेव. आणि गोळी बंद केल्याचं आजच्या आज डॉक्टरांना सांग.”

लोहाच्या गोळीने पोट घट्ट होते, शौचाचा रंग काळपट होतो, हे खरे आहे. पण गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की त्याला पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ५२ टक्के अशा आढळल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. बाळंतपणात रक्त जाते तेव्हा अंगात आधीच रक्त कमी असेल तर जिवावर बेतते. शौचाच्या त्रासापायी ती गोळी गुपचूप टाकून देणे म्हणजे लहान दुखण्यासाठी मोठे दुखणे विकत घेणे. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. पण त्यांना कळले तर! सरकारी दवाखान्यात पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची गोळी आणि चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, अशी किमान १८० दिवस देतात. ज्यांना आधीच रक्त कमी आहे त्यांचे डॉक्टर वेगळे ठरवतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर चालते.

चूर्णाचे असे की बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारल्यासारखी हलवते. डॉक्टर कधी गरज पडली तर थोडे दिवस देतील, पण गरोदर बाईने ते पुडीवरचे वाचून आपल्या मनाने घेऊ नये. आयुर्वेदिक आहे, झाडपाल्याचे आहे, म्हणून निर्धोक, असे समजू नये. एरंडेलही झाडाचेच होते. साबणाच्या पाण्याचा एनिमाही घरी घेऊ नये.

मग करायचे काय? लेकीला जे सांगितले तेच इथे लिहिते.

दिवसात आठ-दहा पेले पाणी, एकदम नाही, थोडे थोडे. उलटी होत असेल तर ताक, लिंबूपाणी, पातळ वरणाचे पाणी, जे पोटात टिकेल ते. जेवणात चोथा वाढवायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतो, मैद्यातही नसतो. म्हणजे आपली भाकरी गरिबाची म्हणून हिणवायची वस्तू नाही. कोंडा न चाळलेली पोळी, सालीसकट डाळी, उसळी, पालेभाजी, पेरू, अंजीर, मनुके, हे सारे चालते. पण चोथा एकदम वाढवला तर गॅस होतो, म्हणून आठवडाभरात हळूहळू. रक्तात साखर वाढलेली असेल तर गोड फळे आणि मनुके किती खायचे ते विचारून घ्यावे.

नाश्त्यानंतर आतडी आपोआप हलतात. त्या वेळी घाई न करता दहा मिनिटे बसावे, मग कळ आलेली असो वा नसो. हातात मोबाईल घेऊन अर्धा तास नव्हे. कमोड असेल तर पायाखाली बुटका पाट घ्यावा, गुडघे कमरेच्या वर येतील इतका. उकिडवे बसल्यासारखी बैठक होते आणि जोर कमी लागतो. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितले नसेल तर रोज वीस-तीस मिनिटे चालावे.

एवढ्याने आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोलाचा भुसा. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचा आणि वर आणखी एक पेला पाणी. तो रक्तात जात नाही, आतड्यात फुगून मळ मऊ करतो. पण पाणी कमी पडले तर उलट पोटात गच्च होऊन बसतो. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. त्यानेही भागले नाही तर डॉक्टर लॅक्टुलोजचे पातळ औषध देतात. तेही आतड्यातच काम करते, आणि गरोदरपणात दिले जाते.

मात्र काही वेळा घरी थांबायचेच नाही. पोटात सहन न होणारे दुखणे, पोट फुगून वाराही न सरणे, उलट्या थांबत नसणे, शौचावाटे रक्त जाणे, ताप येणे, किंवा योनीमार्गे रक्त दिसणे आणि ओटीपोटात कळा येणे. यातले काहीही झाले तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा. ‘पोट साफ नसेल म्हणून दुखत असेल’ अशी समजूत काढत बसायचे नाही.

लेकीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी गोळी बदलून दिली, इसबगोल लिहून दिले. पण मी तिला आणखी एक काम सांगितले होते. “हे तुझ्या सासूबाईंना सांग आणि जावईबापूंनाही सांग.” ती म्हणाली, “आई, काहीतरीच काय!” मी म्हटले, “सकाळची दहा मिनिटं तुला कोण देणार? डबा कोण भरणार? ते घरातल्यांनीच करायला हवं ना. कळलं नाही तर करतील कसं?” मग मी तिला चाळीतल्या त्या रांगेची आणि तिच्या आजीची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. एरंडेलासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजीनं हे मला कधीच सांगितलं नाही.”

कशी सांगेल? त्या रात्रीची बोच आत्याबाईंना अखेरपर्यंत होती. त्यांनी जे दिले ते मायेनेच दिले होते. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी पहिल्या दिवशीच तोंड उघडले असते तर एरंडेलाची वेळ आली नसती. त्या रात्रीनंतर चाळीतल्या कुठल्या सुनेला दिवस गेले की आत्याबाई तिला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारायच्या, “पोट साफ हुतंय न्हवं?” बायका लाजायच्या, हसायच्या, पण सांगायच्या. आणि एरंडेलाची बाटली त्यांनी पुन्हा घरात आणली नाही.

दोन आठवड्यांनी लेकीचा पुन्हा फोन आला. मी विचारले, “कसं आहे आता?” ती म्हणाली, “आई, फोन स्पीकरवर आहे.” मी चपापले. तेवढ्यात पलीकडून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, “विहीणबाई, काळजी करू नका. भाकरी खाते आहे, आणि सकाळचा डबा आता मुलगा भरतो.”